सोनौलीला चालतं, सेतूत चालत नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावच्या माणसाला परदेशी जायला पासपोर्ट लागतोच असं नाही. मतदान कार्ड पुरतं. तेच, जे पाच वर्षांतून एकदा पेटीतून निघतं आणि ज्यावरचा फोटो घरच्यांनाही ओळखू येत नाही. ते दाखवून नेपाळला जाता येतं, भूतानला जाता येतं, विमानानंसुद्धा जाता येतं. आणि ज्या आधार कार्डावाचून इथं रेशनचा दाणा हलत नाही, पीकविमा भरता येत नाही, निराधारांचा पगार निघत नाही, ते आधार मात्र काठमांडूच्या विमानात चढायला उपयोगाचं नाही.

अगदीच नाही असंही नाही. केंद्रीय गृहखात्यानं 2019 च्या जानेवारीत खुलासा केला की 15 वर्षांच्या आतले आणि 65 च्या वरचे आधार दाखवून नेपाळ-भूतानला जाऊ शकतील. मधल्या वयाच्यांनी पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड दाखवावं. 15 ते 18 वयाच्या पोरांना मतदान कार्ड मिळत नाही, त्यांना मुख्याध्यापकांचा ठरावीक नमुन्यातला दाखला चालतो. म्हणजे माणसाला देशाबाहेर सोडायचा अधिकार आपल्याकडे परराष्ट्रखात्याला आहे आणि त्याखालोखाल हेडमास्तरांना. खिचडी शिजवण्यापासून जनगणनेपर्यंत सगळी कामं त्यांच्याकडे आहेतच, त्यात ही एक.

सगळं घरच निघालं तर आणखी सोपं. एका मोठ्या माणसाकडे पक्का कागद असावा, बाकीच्यांनी त्याच्याशी नातं सिद्ध करणारं काही दाखवावं. त्यात रेशन कार्डही धरलंय. केशरी कार्डावर साखर मिळाली नाही म्हणून तक्रार करणाऱ्यांना त्याच कार्डावर विमान मिळतं हे कुणी सांगितलेलंच नाही.

तालुक्यातून नेपाळला जाणारे कमी नाहीत. यात्रा कंपनीची बस काशी, अयोध्या, गोरखपूर करत नेपाळच्या सरहद्दीवरच्या सोनौलीला पोचते. कुणाला पशुपतिनाथ हवा असतो, कुणाला मुक्तिनाथ. बौद्ध मंडळी सारनाथ, कुशीनगर करून लुंबिनीला जातात. त्यांच्यासाठी ही वाट जुनी आहे. नागपूरच्या दीक्षेनंतर महिन्याभरातच, नोव्हेंबर 1956 मध्ये, बाबासाहेब काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले होते. सोनौलीची कमान ओलांडली की घड्याळ 15 मिनिटं पुढे करायचं असतं, पण बसमधल्या बायांच्या हातात घड्याळ नसतं, त्यामुळे त्या तिकडेही भारतीय वेळेनंच जेवतात. जमिनीवरून जाताना बहुतेक वेळा कुणी काही विचारत नाही. ड्रायव्हर उतरतो, बसचा भन्सार म्हणजे जकात भरतो, येतो, बस सुटते. परदेश सुरू झाला हे मोबाईलची रेंज गेल्यावर कळतं. ‘‘नेपाळ काय परदेश हाय का?’’ असं पुढच्या सीटवरची आजी विचारते तेव्हा तिला उत्तर द्यायला परराष्ट्र धोरणाचा चांगला अभ्यास लागेल.

आता उलट्या बाजूनं बघू. परदेशी पाहुण्यांना पासपोर्टऐवजी ओळखपत्रावर येऊ द्यावं का, असा प्रश्न कुणी काढला की आपल्याकडे लगेच राष्ट्रीय सुरक्षेची चिंता सुरू होते. चिंता करणाऱ्या बहुतेकांच्या गल्लीत रात्री शिट्टी वाजवत, काठी आपटत फिरणारा गोरखा असतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो दारात येतो, आपण पन्नासाची नोट देतो, जमलं तर वीसवर भागवतो. हा माणूस परदेशी नागरिक असू शकतो. त्याच्याकडे पासपोर्ट नसेल, व्हिसा तर नसेलच, आणि त्यात बेकायदा काही नाही. 31 जुलै 1950 ला भारत आणि नेपाळ यांनी काठमांडूत मैत्रीचा करार केला. एकमेकांच्या नागरिकांना राहायला, फिरायला, धंदा करायला, मालमत्ता घ्यायला आपल्याच माणसासारखी मुभा, असं त्याचं सातवं कलम सांगतं. सुमारे 1,750 किलोमीटरची सरहद्द त्या भरवशावर उघडी आहे. 1999 च्या डिसेंबरात काठमांडूहून निघालेलं विमान पळवून कंदाहारला नेलं, तेव्हापासून विमानप्रवासाला फोटोचं ओळखपत्र सक्तीचं झालं. जमिनीवरचा मामला तसाच राहिला.

1 सप्टेंबर 2025 पासून परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा लागू झाला. इंग्रजांच्या काळचे 1920, 1939, 1946 चे कायदे आणि 2000 सालचा एक, असे चार जुने कायदे त्यानं मोडीत काढले. मोठा गाजावाजा झाला. आणि त्याबरोबर निघालेल्या सवलतीच्या आदेशात काय आहे? नेपाळ-भूतानचा नागरिक आपल्या देशातून थेट आला तर पासपोर्ट नको, व्हिसा नको. चीन, मकाव, हाँगकाँग किंवा पाकिस्तानमार्गे आला तर मात्र ही सवलत नाही. माणूस तोच, वाट बदलली की वेगळा.

गंमत इथं संपत नाही. आधार हे नागरिकत्वाचं कार्ड नाही, रहिवाशाचं आहे. गेल्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहिलेला परदेशी माणूसही रीतसर आधार काढू शकतो. नेपाळी, भूतानी नागरिकांसाठी त्याचे नियम केलेले आहेत. म्हणजे गल्लीतल्या गोरख्याला आपलं आधार कार्ड मिळू शकतं आणि ते घेऊन आपण विमानानं त्याच्या गावी जाऊ शकत नाही.

आता महागावच्या सेतू केंद्रात या. पंखा आहे, फिरतो की नाही ते लाईनवर अवलंबून. बाकावर सत्तरीची बाई बसलीय. तिला लाडक्या बहिणीचं काही नको, त्यासाठी वय गेलं. ती सुनेबरोबर आलीय, आणि आलोच आहोत तर आपलंही निराधारचं बघून घेऊ म्हणून मशीनवर बोट ठेवतेय.

‘‘आजी, बोट पुसा न परत लावा.’’

‘‘पुसलं ना रे बाप्पा.’’

‘‘मशीन घेऊनच नाही राहिलं. दुसरं बोट लावा.’’

‘‘दाही लावले.’’

पन्नास वर्षं कापूस वेचून, निंदण करून बोटांच्या रेषा गेल्या. मशीनला रेषा हव्यात. या बाईला गावातला प्रत्येक माणूस ओळखतो, सेतूतलं पोरगं तिच्या डोळ्यांदेखत लहानाचं मोठं झालंय, ते तिला आजी म्हणतं. पण ती तीच आहे की नाही याबद्दल त्याच्या मशीनची खात्री पटत नाही. इथून हीच बाई यात्रेच्या बसमध्ये बसली आणि सोनौलीला उतरली, तर नेपाळ सरकार तिला बोट न लावता आत घेतं.

सुनेचं वेगळंच. 2025 च्या सप्टेंबरात लाडक्या बहिणींना ई-केवायसीची सक्ती झाली. 1,500 रुपयांसाठी स्वतःचं आधार तर लागतंच, वर नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं. ज्यांचा नवरा वारला आणि वडीलही वारले त्यांनी कोणाचं आणायचं, हे फॉर्म करणाऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं. यवतमाळ जिल्ह्यात नवरा गेलेल्या बायांची संख्या आणि त्यामागची कारणं राज्याला माहीत नाहीत असं नाही. तीन दशकं अहवाल लिहून झालेत. मग बोंब झाली, मुदत वाढली, वेगळी सोय झाली. शेतकऱ्याचं त्याआधीच उरकलं होतं: 15 एप्रिल 2025 पासून योजनांना फार्मर आयडी हवा. सातबारा आहे, आठ-अ आहे, बाप-आजा त्याच बांधावर खपले, तरी हा शेतकरी आहे असा आकडा संगणकानं दिल्याशिवाय तो शेतकरी नाही. पेटीतली कार्डं मोजा: आधार, पॅन, मतदान, रेशन, जॉबकार्ड, ई-श्रम, आयुष्मान, आभा, फार्मर आयडी. पोरांचं अपार वेगळं. जगानं उद्या ठरवलं की भारतीयांना ओळखपत्रावर येऊ द्यायचं, तर पहिला प्रश्न येईल, यांतलं कुठलं? आणि आपल्याकडचा बाबू सवयीनं सांगेल की सगळी आणा, दोन-दोन झेरॉक्स जोडा.

या सगळ्याची सुरुवातही महाराष्ट्रातच झाली. देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. पंतप्रधान आले, मांडव पडला, रस्ता झाला. तेव्हा सांगितलं होतं की आता एकच ओळख, बाकी कागदांची कटकट गेली.

महागावला सरहद्दीचं कौतुक नवं नाही. धनोड्याच्या पुलावर उभं राहा. खाली पैनगंगा, पलीकडे माहूर. आज यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांची हद्द, एवढंच तिचं महत्त्व. 1947 पर्यंत अलीकडे इंग्रजांचा कारभार होता आणि 1948 पर्यंत पलीकडे निजामाचं राज्य. तिकडे हाली सिक्का चाले, सरहद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके असत. अलीकडच्या वऱ्हाडची गोष्ट आणखी तिरपागडी. 1853 पासून कारभार इंग्रजांकडे, मालकी निजामाची. 1902 मध्ये लॉर्ड कर्झननं हा मुलूख कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतला, वर्षाला 25 लाख रुपयांवर. 1936 च्या करारानं निजामाच्या वारसाला वऱ्हाडचा राजपुत्र अशी पदवीही मिळाली. वऱ्हाडात राज्य करायला मात्र मिळालं नाही. तेव्हाच्या महागावकरानं मी कुठल्या देशाचा, असं विचारलं असतं तर दोन सरकारी वकील भांडत बसले असते. त्यानं विचारलं नाही. त्याला माहूरच्या रेणुकेला जायचं होतं. नदी उतरून गेला, नारळ फोडला, परत आला. करोडगिरीवाल्याचं लक्ष पोत्यात काय आहे यावर, पोतं वाहणारा कोण आहे याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नव्हतं. 1947-48 मध्ये हैदराबादचा प्रश्न पेटला, रझाकार आले, तेव्हा कुठं नदीच्या या काठावरून त्या काठावर जाणाऱ्या माणसाकडे माणूस म्हणून संशयानं बघायला सुरुवात झाली.

सगळीकडे असंच झालंय. 1914 च्या आधी युरोपात रशिया आणि तुर्कस्तान सोडले तर बहुतेक ठिकाणी पासपोर्टशिवाय हिंडता येई. महायुद्ध आलं, हेरांची भीती आली, कागद आला. युद्ध संपलं तेव्हा 1920 मध्ये राष्ट्रसंघानं पॅरिसला परिषद भरवली आणि 32 पानी पुस्तिकेचा नमुना ठरवला. कल्पना अशी होती की हे तात्पुरतं, परिस्थिती निवळली की बंद करू. आपल्याकडे त्याच साली भारतात येणाऱ्यांना पासपोर्ट लावणारा कायदा झाला. तात्पुरत्या गोष्टींचा आपल्याला अनुभव आहे; टोलनाक्यांना विचारा.

युरोपवाल्यांनी पुढे आपसात ती पुस्तिका कपाटात टाकली, खिशातल्या कार्डावर फिरू लागले. आखाती देशांचे नागरिक एकमेकांकडे कार्डावर जातात. केनिया, युगांडा, रवांडा यांनीही 2014 पासून तशी सोय केली. इंग्रज मात्र युरोपातून बाहेर पडले आणि 1 ऑक्टोबर 2021 पासून त्यांनी युरोपीय कार्डं बहुतेकांसाठी बंद केली. कारण दिलं की कार्डं सहज बनावट करता येतात. मग फ्रान्समधल्या शाळांच्या सहली आटल्या. मुलांकडे कार्ड होतं, पासपोर्ट नव्हता. सहली आटल्या तसे हॉटेलवाले, वस्तुसंग्रहालयवाले कुरकुरले, आणि 2023 च्या अखेरीस फ्रान्सच्या शालेय सहलींना पुन्हा कार्डावर सोडायचं ठरलं. दोन वर्षांत कार्डं अस्सल झाली नव्हती, गल्ला रिकामा झाला होता.

आपल्या गोव्यात तर हा उद्योग घरबसल्या चालतो. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्या आजोबांची नोंद लिस्बनच्या दप्तरात चढवायची, मग मुलाची, मग नातवाची. नातू पोर्तुगालचा नागरिक. त्याचं नागरिक कार्ड मिळालं की युरोपभर पासपोर्टशिवाय फिरायला मोकळा. म्हापशाचं पोरगं त्या जोरावर इंग्लंडातल्या स्विंडनला जाऊन वसलं. फक्त त्याच दिवशी त्याचं भारतीयत्व संपतं, आणि स्वतःच्या घरी नरकासुर बघायला किंवा फेस्ताला यायचं तर परदेशी म्हणून यावं लागतं. विदर्भातल्या माणसाला वाटेल, एवढ्या जुन्या नोंदी त्यांनी जपल्या कशा? आमच्याकडे आजोबांची जन्मनोंद मागितली तर ‘दप्तर उंदरांनी खाल्लं’ असा लेखी दाखला मिळतो, आणि त्या दाखल्याला पन्नास रुपये पडतात.

नांदेड जवळ आहे म्हणून पाकिस्तानातल्या कर्तारपूरची आठवण काढतो. नांदेडच्या हुजूर साहिबच्या संगतीला गुरू नानकांचं ते ठाणं किती जवळचं, हे सचखंड एक्स्प्रेसनं अमृतसरला जाणाऱ्यांना विचारावं. 24 ऑक्टोबर 2019 ला भारत-पाकिस्ताननं कॉरिडॉरचा करार केला: व्हिसा नको, पासपोर्ट हवा, माणशी 20 डॉलर. आठ दिवसांनी पाकिस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान इम्रान खान यांनी ट्विट केलं, पासपोर्टही नको, ओळखपत्र घेऊन या. आणखी आठवडाभरातच त्यांच्याच लष्कराचा प्रवक्ता म्हणाला, पासपोर्ट लागेल. आपल्या सरकारनं सांगितलं, आम्ही करारात लिहिलंय तेवढंच धरतो. 9 नोव्हेंबरला कॉरिडॉर उघडला. पासपोर्टवर ते शिक्का मारत नव्हते. शिक्का मारायचा नाही, व्हिसा लावायचा नाही, दर्शन घेऊन संध्याकाळी परत यायचं, आणि ज्याला आयुष्यात दुसरीकडे कुठेही जायचं नाही त्यानं तेवढ्यासाठी 1,500 रुपये भरून पासपोर्ट काढायचा. 2025 च्या मे महिन्यात तेही दार बंद झालं.

त्याच दोन देशांनी 2005 मध्ये श्रीनगर ते मुझफ्फराबाद बस सुरू केली तेव्हा मात्र पासपोर्टला दोघांनीही हात लावला नाही, परमिटावर सोडलं. पासपोर्ट तपासला असता तर ती सरहद्द आहे हे मान्य केल्यासारखं झालं असतं, आणि ते दोघांनाही परवडणारं नव्हतं. मग सुरक्षेचं काय? ती परमिटावर निभावली.

थोडक्यात, दाराशी कुठला कागद मागायचा हे पाहुणा कोण आहे त्यावर ठरत नाही, दोन यजमानांचं आपसात कसं चाललंय त्यावर ठरतं. तरी पासपोर्टवाले छाती काढून सांगतात की पासपोर्टचं ते पासपोर्टचं, तो कसून तपासून देतात. बरं. कशावरून देतात? पत्त्याचा पुरावा म्हणून आधार चालतं. तेच, जे विमानात चढायला चालत नाही. आणि 2025 च्या फेब्रुवारीत नियम बदलला: 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा एकच, जन्मदाखला. म्हणजे चिप बसवलेला, जागतिक दर्जाचा नवा ई-पासपोर्ट शेवटी येऊन टेकतो तो ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीवर.

तर शेजारच्या आर्णी तालुक्यात शेंदुरसनी नावाचं गाव आहे. वस्ती दीड हजाराच्या आसपास. 2025 च्या अखेरीस उघडकीला आलं की या ग्रामपंचायतीच्या नावावर काही महिन्यांत 27 हजारांहून जास्त जन्मनोंदी झाल्यात. गावातल्या सुईणीला पत्ता नाही, आशाताईला पत्ता नाही, पाळणे कुणी ऐकले नाहीत. सगळी बाळंतपणं लॉगिनमधून झाली. गुन्हा दाखल झाला, तपास पथक नेमलं. गावकरी मात्र अजून आपल्या खऱ्याखुऱ्या बाळाच्या दाखल्यासाठी ‘सर्व्हर डाऊन हाय, उद्या या’ हेच ऐकत असतील, कारण तो सर्व्हर खऱ्या बाळांच्या बाबतीत फार कडक असतो.

तेव्हा परदेशी पाहुण्यांनो, ओळखपत्रावर यायचं असेल तर खुशाल या. नेपाळहून या, भूतानहून या, उद्या करार झाला तर फ्रान्सहून सहल काढून या. वेरूळला, अजिंठ्याला तिकीट 600 रुपयांचं पडेल, सार्क देशांतले असाल तर आमच्यासारखंच 40 मध्ये भागेल. महागावात आलात तर धनोड्याच्या पुलावरून नदी बघा, माहूरला जाऊन या. फक्त इथं राहून सेतूतून एखादा दाखला काढायच्या भरीस पडू नका. त्याला ओटीपी लागतो, आणि ज्या मोबाईलवर तो येतो तो मोबाईल पुण्याला कंपनीत लागलेल्या पोराकडे असतो, आणि त्याची रात्रपाळी असते.